गणित सोडू की बायलॉजी?

नागपूरच्या धंतोलीत वाढणाऱ्या मुलाला बायलॉजी आवडते की नाही, हे कुणी विचारत बसत नाही. डाव्या हाताला हाडांचा दवाखाना, उजव्या हाताला बाळंतपणाचा, समोर डोळ्यांचा, आणि फाटकापुढे छिंदवाडा, बालाघाट, आदिलाबाद, राजनांदगावहून पेशंट घेऊन आलेल्या गाड्या. या गाड्यांच्या पार्किंगवरून इथले रहिवासी थेट उच्च न्यायालयापर्यंत गेले. तरी त्यांच्याच घरांतून दर जूनमध्ये एखादं मूल ‘बी ग्रुप’, म्हणजे गणिताऐवजी बायलॉजी, घ्यायला निघतंच.

मी दहावी झाले १९८४ साली. तेव्हाही धंतोलीत दवाखाने होते, पण बहुतेक डॉक्टर पुढच्या दोन खोल्यांत पेशंट तपासत आणि मागच्या भागात राहत. कंपाउंडरला मुलांची नावं माहीत असत. आवारात आंबा, मागे विहीर, संध्याकाळी ओसरीवर खुर्च्या. दहावीनंतरचा निर्णय या खुर्च्यांवर व्हायचा, आणि निर्णय म्हणजे काही साधासुधा नव्हे. अकरावी सायन्सला चारही विषय घ्यायचे, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि बायलॉजी, की गणित किंवा बायलॉजी यातलं एक टाकून भूगोलासारखं काही हलकं घ्यायचं? गणित टाकलं की इंजिनीअरिंगचं दार लागलं. बायलॉजी टाकली की मेडिकलचं. एकदा बारावीची परीक्षा झाली की मागे फिरायची सोय नव्हती.

आणि दारं तरी किती होती? इंजिनीअरिंग म्हणजे १९६० सालचं व्हीआरसीई, ज्याला आता व्हीएनआयटी म्हणतात. केमिकलवाल्यांसाठी १९४२ पासूनचं एलआयटी. मेडिकल म्हणजे १९४७ सालचं ‘मेडिकल’ आणि दुसरं ‘मेयो’. त्यापलीकडे वर्ध्याजवळचं सेवाग्राम, १९६९ साली निघालेलं. तिथे स्वतःची प्रवेश परीक्षा असे आणि तिच्यात गांधीविचारांचा पेपर असे. आमच्या गल्लीतला एक दादा एका हातात प्राणिशास्त्राचं गाइड आणि दुसऱ्या हातात ‘सत्याचे प्रयोग’ घेऊन रामकृष्ण मठाच्या वाचनालयात बसायचा. नंतर नीट आली आणि देशभर एकच चाळणी झाली, तसा तो पेपरही गेला. डॉक्टर व्हायला निघालेल्या पोराला चरख्याबद्दल चार ओळी लिहाव्या लागत, यात वाईट काय होतं, हे मला आजही कळलेलं नाही.

त्याच १९८४ साली नागपुरात वायसीसीई आणि रामदेवबाबा ही खासगी इंजिनीअरिंग कॉलेजं सुरू झाली. डोनेशन हा शब्द ओसरीवर पहिल्यांदा ऐकू आला तो तेव्हा. आधी ज्यांनी ‘गणित झेपत नसेल तर सोडून दे’ म्हटलं होतं, ते काका ‘राहू दे, राहू दे, आता जागा वाढल्या’ म्हणू लागले. एवढ्याशा बातमीने गल्लीतल्या तीन मुलांचे गट बदलले.

माझं प्रकरण शेजारच्या डॉक्टरकाकांनी हातात घेतलं. संध्याकाळचे पेशंट आटोपून ते फाटकातूनच बोलले, “काऊन गं, मॅथ्स सोडून राहिली म्हणे?”

“सोडत नाही,” बाबा म्हणाले. “चारही घेते म्हणते.”

“चारही? मरशील ना पोरी. जर्नलच लिहीत बसशील वर्षभर.”

“ठीक आहे ना काका, लिहीन.”

“मग घे बापा. नाही झेपलं तर टाकून दे एक.”

चहा आला, विषय क्रिकेटकडे गेला. पुढच्या चाळीस वर्षांचं मिळून दहा मिनिटांत झालं. कुणी कुणाला फी विचारली नाही, कारण विचारण्यासारखी फी नव्हती. मला काय व्हायचंय, हेही कुणी विचारलं नाही. सांगता आलं असतं असंही नाही.

बाबा एजी ऑफिसात, म्हणजे महालेखापालांच्या कचेरीत होते. सी. व्ही. रामन यांनी १९०७ साली वित्त खात्याची परीक्षा देऊन सरकारी नोकरी धरली आणि १९१० मध्ये त्यांची बदली नागपूरला झाली होती. त्यामुळे रामन बाबांना नात्यातले वाटत. ‘एवढा मोठा माणूस, पण आधी पक्की नोकरी बघितली’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्याच रामननी १९१७ साली ती पक्की नोकरी सोडून कलकत्त्याला प्राध्यापकी धरली, हा पुढचा भाग मात्र बाबांच्या गोष्टीत कधी आला नाही. तो मी फार नंतर, इथल्याच रामन विज्ञान केंद्रात वाचला. ते केंद्र १९९२ मध्ये गांधीसागराच्या बाजूला उघडलं.

आईचा सूर निराळा होता. तिला एलएडी कॉलेजचं होम सायन्स बरं वाटत होतं. मुलगी जवळच जाईल, लवकर येईल, आणि शिकलेलं वाया जाणार नाही. हे ती प्रेमानेच म्हणत होती. पण त्या काळाच्या गोडव्यांत एक गोष्ट नेहमी राहून जाते, म्हणून इथे सांगते. ओसरीवर मुलांना ‘गणित झेपेल का’ असं विचारत आणि मुलींना ‘गणित कशाला’ असं. माझ्या वर्गातल्या दोघी गणितात माझ्यापेक्षा हुशार होत्या. त्यांनी बी ग्रुप घेतला, कारण घरच्यांना लेडी डॉक्टर हे चित्र डोळ्यांपुढे आणता येत होतं आणि लेडी इंजिनीअर हे येत नव्हतं. दोघींनाही मेडिकलला जागा मिळाली नाही. दुसरं दार त्यांनी सोळाव्या वर्षीच लावून घेतलं होतं.

टिळक विद्यालयात शास्त्र मराठीतून शिकलेल्या पोरीला कॉलेजच्या पहिल्या दिवशी सगळं इंग्रजीतून कानावर आलं, तेव्हा पंधरा दिवस मी वहीत नुसत्या आकृत्या काढत होते. आकृत्यांना भाषा लागत नाही, आणि बायलॉजीने मला तिथेच धरून ठेवलं. बायलॉजीचं जर्नल म्हणजे व्रतच. कोऱ्या पानावर एचबी पेन्सिल, रेघ एकदाच ओढायची, छायाचित्रासारखी शेडिंग करायची नाही, नावं उजव्या बाजूला एकाखाली एक आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या रेघा पट्टीने, एकमेकींना न छेदणाऱ्या. रेघेवर रेघ गेली की मॅडम लाल पेनाने पानभर फुली मारत. सही झालेलं जर्नल नसेल तर प्रॅक्टिकलला बसू देत नसत.

आणि बेडूक. काळ्या मेणाचा ट्रे, त्यात पोट वर करून उलट्या जगात आलेला तो, चार पायांना चार टाचण्या. आधी कात्री तिरपी धरून फक्त कातडी कापायची. ती सैल सुटते, मोजा काढावा तशी. मग खालचा स्नायूंचा पडदा, आणि तिथे मधोमध निळसर शीर दिसते, ती वाचवून बाजूने कापायचं. ती तुटली की ट्रे लाल आणि प्रॅक्टिकल संपलं. पहिल्या खेपेला माझ्या शेजारणीने ट्रे माझ्याकडे सरकवला आणि ती बाहेर जाऊन नळाखाली डोकं धरून उभी राहिली. माझा हात थरथरला नाही. उघडलेल्या छातीत ते हृदय अजून हलत होतं आणि मी ते बघत राहिले, घाबरून की आवडून ते सांगता येणार नाही. त्याच दुपारी पुढच्या तासाला त्रिकोणमिती होती. हाताला क्लोरोफॉर्मचा वास आणि फळ्यावर साइन-कॉस. दोन्ही एकाच दिवशी भेटत होतं, चारही विषय घेण्याचं माझ्या लेखी तेवढंच कारण उरलं.

गणिताला महिनाभर कंटाळलेले कितीतरी जण ऑफिसात साधा अर्ज देऊन गट बदलून आले. पहिली घटक चाचणी म्हणजे खरी निवड. आधी वर्गात बसायचं, झेपतं का बघायचं, मग ठरवायचं. मी शेवटी बीएस्सीला गणित-भौतिक घेतलं आणि बँकेत लागले. बेडकाचा बँकेत काही उपयोग झाला नाही.

धाकट्या भावाच्या वेळी बायफोकलचं वारं आलं. दोनशे मार्कांचं इलेक्ट्रॉनिक्स किंवा कम्प्युटर सायन्स, मार्क भरघोस, आणि त्याच्या बदल्यात बायलॉजी आणि मराठी दोन्ही सुटत. आमच्या घरात बायलॉजी सुटली याची दोन दिवस चर्चा झाली. मराठी सुटल्याची बातमी मला त्याच्या मार्कशीटवरून कळली.

आता त्याचीच मुलगी यंदा दहावी झाली. भाची माझी, पण विषयनिवडीत मला आमंत्रण नव्हतं. भावजयीने नुसतं सोबत चल म्हटलं म्हणून मी गेले. वर्धा रोडवरच्या एका क्लासच्या गारेगार केबिनमध्ये टाय घातलेल्या मुलाने कागदावर आम्हाला हिशेब मांडून दाखवला. नीट सातशे वीस मार्कांची, त्यात बायलॉजी तीनशे साठ. मग गणित घेऊन काय करता? सीईटीचा पीसीएम गट दोनशेचा, त्यात गणित शंभर. मग बायलॉजी घेऊन काय करता? ‘फोकस्ड राहायला हवं मॅडम.’ भाची म्हणाली तिला दोन्ही आवडतं. तो हसला. आवडण्यासाठी त्याच्या कागदावर रकाना नव्हता. हिशेब मात्र खोटा नव्हता, हे कबूल करायला हवं.

दोन वर्षांची फी लाखांत. वर एक सूचना, हळू आवाजात: कॉलेज असं बघा जिथे रोज जावं लागणार नाही. अशा कॉलेजांना आळा बसावा म्हणून सरकारने २०१८ मध्ये सायन्सच्या ज्युनिअर कॉलेजांना बायोमेट्रिक हजेरी सांगितली होती. अंगठा आला, मुलं आली नाहीत. प्रयोगशाळेतला बेडूकही गेलाय, तिथे आता चार्ट, मॉडेल आणि मोबाइलवरचा व्हिडिओ आहे. बेडकांच्या दृष्टीने बरंच झालं. बारावीच्या प्रत्येक शास्त्र विषयात आजही तीस मार्क प्रात्यक्षिकाचे असतात. प्रयोगशाळेत न गेलेल्या मुलांनाही ते कसे मिळतात, हे ज्याने त्याने आपल्या ओळखीच्या घरात विचारून बघावं.

मला चक्रावून टाकणारी गोष्ट वेगळीच आहे. आमच्या वेळी दार खरोखर बंद होत होतं आणि ठरवायला दहा मिनिटं पुरत होती. आता कागदावर दारं पुन्हा उघडली आहेत. एआयसीटीईने २०२१ मध्ये इंजिनीअरिंगच्या काही शाखांसाठी बारावीच्या गणित-फिजिक्सची सक्ती सैल केली. वैद्यकीय आयोगाने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये सांगितलं की बारावीला बायलॉजी नसेल तर नंतर वेगळा विषय म्हणून करा आणि नीटला बसा. म्हणजे माझ्या वर्गातल्या त्या दोघींना जे मिळालं नाही ते या पोरांना मिळतंय. आणि तरीही धंतोलीतल्या घराघरांत आठवीपासून या निवडीची धास्ती आहे. कारण नियम मागे फिरू देतो, क्लासची पावती फिरू देत नाही. पहिल्या हप्त्यानंतर गट बदलायचा म्हटलं की बॅच बदलते, इमारत बदलते, वर्ष मागे पडल्यासारखं होतं. अर्ज देऊन गट बदलायची ती ऑफिसातली खिडकी आता बापाच्या खिशात उघडते.

भावाला मी हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, “ताई, तुझ्या वेळी मेडिकलला जागा किती आणि बसणारे किती? आता देशभरातून वीस लाखांवर पोरं बसतात. ओसरीवर ठरवून चालेल का?” बरोबर आहे त्याचं. शिवाय आमच्याकडे ओसरीही नाही, तिथे फ्लॅट स्कीमची लिफ्ट आहे. डॉक्टरकाकांच्या जागी चार मजली हॉस्पिटल आहे. त्यांचा नातू तिथे सर्जन आहे आणि त्याचा मुलगा कॉमर्सला गेलाय, सीए करायचं म्हणतो. धंतोलीत याला बंड म्हणतात.

अकरावीच्या ऑनलाइन अर्जात कॉलेजांची दहा नावं पसंतीक्रमाने भरून झाली आहेत. विषयांचं घरात अजून चालू आहे. भाचीने चारही घेणार म्हणून सांगितलंय, क्लास मात्र एकाच परीक्षेचा लावायचा, आणि तोही घटक चाचणीनंतर, असं ती म्हणते. भावजय म्हणते तोवर बॅच भरून जाईल. भाऊ कॅल्क्युलेटर घेऊन बसलाय. परवा भाची माझ्याकडे येऊन म्हणाली, “आत्या, तुझं जुनं जर्नल आहे का गं? अकरावीला हाताने आकृत्या काढाव्या लागतात म्हणे, आणि आमच्यात कुणालाच लेबलच्या रेघा जमत नाहीत.” माळ्यावरची पेटी मी उतरवली आहे. कुलपाची किल्ली शोधतेय.