अण्णांच्या स्कूटरचा पत्रा

आमच्या अण्णांची स्कूटर गेल्या पावसाळ्यापासून दापोडीच्या घरासमोर ताडपत्रीखाली उभी होती. तिचे काय करायचे यावरून आम्हा तिघा भावंडांत आणि आईत जो वाद झाला, तो अजूनही जेवताना अधूनमधून डोके वर काढतो. वाचकांपैकी कितीतरी जणांच्या दारात अशी एखादी जुनी गाडी उभी असेल, म्हणून ही हकीकत सांगावीशी वाटली.

स्कूटर बजाज चेतक. अण्णांनी १९७९ साली नंबर लावला आणि गाडी १९८६ साली हातात पडली. सात वर्षे एका स्कूटरची वाट पाहिली, हे आजच्या मुलांना खोटे वाटते. अण्णा भोसरीच्या एका कारखान्यात फिटर होते. पहिली पाळी असली की अंधारात ते गाडी उजवीकडे कलती करीत, क्षणभर तशीच धरून ठेवीत आणि मग किक मारीत. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल उतरावे म्हणून हा कलतेपणा. त्या आवाजावर आमची आळी उठायची. रविवारी मागे आई, तिच्या मांडीवर धाकटी आणि पुढे अण्णांच्या दोन हातांच्या मध्ये थोरला व मधली उभी, असे आम्ही पाचजण नातेवाइकांकडे जात असू. पुढच्या पत्र्याला आतून सामानाचा डबा बसवलेला होता. आमचे गुडघे आणि दप्तरांची बक्कले घासून घासून त्या डब्यावरचा रंग उडाला आणि खालचा पत्रा आरशासारखा गुळगुळीत झाला. दर १४ एप्रिलच्या आदल्या रात्री अण्णा सगळी गाडी रॉकेलच्या फडक्याने पुसायचे. डबा मात्र शेवटी, आणि जरा जास्त वेळ.

अण्णा २०१९ साली गेले. गाडी आम्ही अधूनमधून फिरवीत होतो. गेल्या आषाढात थोरल्याने ब्रेक दाबायला पाय टेकवला आणि टाच पत्र्यातून आरपार खाली गेली. रबरी चटईखाली पत्रा कुजून पापडासारखा झाला होता.

थोरल्याचा मुलगा आय.टी.आय.मध्ये मोटार मेकॅनिकचे शिकतो. त्याने मोबाइलवर अमेरिकेतल्या मोटारींची चित्रे दाखवायला सुरुवात केली. १९६४ साली पाँटियाक कंपनीने मध्यम आकाराच्या मोटारीत मोठ्या गाडीचे आठ सिलिंडरचे, ६.४ लिटरचे इंजिन बसवून जी.टी.ओ. नावाची मोटार काढली. आपल्या चेतकचे इंजिन १४५ सी.सी.चे. म्हणजे तसली चव्वेचाळीस इंजिने एका मोटारीत! फोर्ड, डॉज, शेव्हरोले यांनीही असल्या दांडग्या गाड्या काढल्या आणि त्यांना 'मसल कार' हे नाव पडले. पैलवान मोटारच म्हणा. पेट्रोल पाण्यासारखे पिणाऱ्या या गाड्यांचे दिवस १९७३ च्या तेलसंकटाच्या सुमारास फिरले. पण शौकीन लोक त्या अजून जपतात, आणि त्यांच्यात दोन तट आहेत.

एका तटाचे म्हणणे, गाडी कारखान्यातून निघाली तशीच झाली पाहिजे. इंजिनवरचा नंबर गाडीच्या नंबराशी जुळला पाहिजे, रंगसुद्धा त्या वर्षीच्या यादीतलाच हवा. दुसरा तट म्हणतो, वरून आहे तशी राहू द्या. उडालेला रंग, पोचे, गंजाचे डाग सगळे ठेवायचे आणि त्यावर पारदर्शक लाखेचा हात मारायचा. पैसा घालायचा तो इंजिनात आणि ब्रेकमध्ये. काहीजण तर चांगल्या पत्र्यावर मिठाचे पाणी मारून मुद्दाम गंज चढवतात.

आई भाजी निवडत ऐकत होती. "मुद्दाम?" तिने विचारले. "आपल्याकडे तर फुकट चढतो."

आम्ही हसलो. ती हसली नाही. "मी निम्मा जन्म ठिगळाची लुगडी नेसले," ती म्हणाली, "ती काही हौस नव्हती. तुमचे अण्णा एकच सदरा रात्री धुऊन सकाळी इस्त्री करून कामावर जायचे. त्यांची गाडी मी गंजकी फिरवू देणार नाही. चकचकीत करा, नाहीतर भंगारात घाला."

थोरला आणि त्याचा मुलगा गाडी आहे तशीच ठेवण्याच्या बाजूचे. रंग काढला तर अण्णांचा हात पुसला जाईल, असे थोरल्याला वाटत होते. मधली आईच्या बाजूची. धाकटी म्हणाली, आधी खर्च विचारा. खरे सांगायचे तर आमच्यात तेवढे शहाणपण तिलाच आहे.

पहिल्या रंगाऱ्याने सहा हजार सांगितले. भोकावर पत्र्याचा तुकडा, वर पुट्टी, वर रंग, तीन दिवसांत गाडी नवी. आम्ही जवळजवळ हो म्हणालो होतो. पण थोरल्याच्या मुलाने अण्णांच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावले. त्यांनी चटई उचकटली, पट्ट्या काढल्या आणि हातोडीच्या टोकाने पत्रा ठोकत पुढून मागे गेले. कुठे टणटण वाजे, कुठे बद्द. बद्द वाजले की खडूने फुली. सतरा फुल्या झाल्या.

"रंगाचं भांडण नंतर करा," ते म्हणाले. त्यांनी समजावले ते असे. त्या जी.टी.ओ.सारख्या मोटारीला खाली लोखंडी चेसिस वेगळी असते आणि वर पत्र्याची बॉडी. वरचा पत्रा थोडा गंजला म्हणून गाडी लगेच मोडत नाही. आपल्या स्कूटरला वेगळी चेसिस नाही. पत्रा दाबून केलेली बॉडी हाच तिचा सांगाडा. पाय ठेवायचा पत्रा गेला म्हणजे कणा गेला. पुट्टी भरली तर ओल आत कोंडते, वरचा रंग छान दिसतो आणि खाली गंज वाढत राहतो. मग एखाद्या दिवशी खड्ड्यात पुढचे चाक एकीकडे आणि मागचे एकीकडे. लाख मारून गंज शोभेला ठेवला तरी इथे तेच व्हायचे.

आम्ही महिनाभर बाहेरून गाडी कशी दिसावी यावर भांडत होतो. पायाखाली काय आहे हे कोणी पाहिलेच नव्हते. आणि अण्णा फिटर!

काम दोन महिने चालले. इंजिन उतरवले, कुजका पत्रा कापून काढला, चांगला पत्रा लागेपर्यंत कापत गेले. नवा पत्रा वेल्डिंगने जोडला, दोन्ही बाजूंनी रेड ऑक्साइड मारले. इंजिनाला बोअर, नवा पिस्टन आणि रिंगा, क्लच प्लेटा. गिअरच्या केबली, ब्रेकचे लायनर आणि बाकीचे किरकोळ सामान नाना पेठेत मिळाले. जुना चेतक बंद होऊन इतकी वर्षे झाली, २०२० पासून त्याच नावाची विजेवरची स्कूटर रस्त्यावर आली, तरी तिथे 'चेतकचं द्या' म्हटले की दुकानदार आधी विचारतो, 'कुठल्या सालची?' एकूण खर्च बावीस हजार. तिघांनी वाटून घेतला, धाकटीने हिशेब ठेवला.

राहिला रंग. नव्या पत्र्याला रंग द्यावाच लागणार होता आणि जुन्याशेजारी तो ठिगळासारखाच दिसला असता. आईने तोंडातून शब्द काढला नाही, नुसती पाहत राहिली. शेवटी थोरलाच म्हणाला, सगळीला मारा. आर.सी. बुकात लिहिलेला तोच हिरवा रंग दिला, कारण रंग बदलायचा तर आर.टी.ओ.त नोंद करावी लागते. पुढच्या बाजूचा एक पोचाही ठोकून सरळ झाला. तो आमच्या शाळेच्या फाटकाचा होता.

तो डबा मात्र रंगाऱ्याकडे पोहोचलाच नाही. थोरल्याच्या मुलाने आदल्या दिवशी स्क्रू काढून तो घरी आणला आणि आईच्या लोखंडी पलंगाखाली ठेवला. गाडीला नाना पेठेतला नवा डबा बसवला. आईला आम्ही काही बोललो नाही.

गाडी आली त्या संध्याकाळी आई पदर खोचून बाहेर आली. नव्या पत्र्यावर पाय आपटून पाहिला. टणटण वाजला. मग वाकून पुढे हात लावला आणि विचारले, "हा डबा कुणाचा? आपला कुठंय?"

थोरल्याच्या मुलाने मान खाली घातली. आई म्हणाली, "पलंगाखालचं फडक्यात गुंडाळ. ओल लागते तिथं."

मग ती मागच्या सीटवर बसली. मिस्त्रींनी कार्बोरेटर असा साफ केला आहे, की गाडी आता सरळ उभी ठेवूनही दुसऱ्या किकला सुरू होते. तरी थोरल्याने ती उजवीकडे कलती केली, आणि आई मागे बसल्या बसल्या डावीकडे झुकली.