मेंदीचे हात



गेल्या उन्हाळ्यात बेर-शेव्हाला आमच्या नात्यातल्या एका मुलाचे लग्न झाले. दोन दिवस आधी मेंदी होती. आपल्याकडची मेंदी म्हणजे काय, हे इथे सांगायला नको. मेंदीचे ताट फिरत फिरत आमच्या एका भाचीपाशी आले, तेव्हा तिने हात मागे घेतला. ही मुलगी डॉक्टर आहे. पुढल्याच रविवारपासून एका रुग्णालयाच्या शस्त्रक्रिया विभागात तिचे प्रशिक्षण सुरू होणार होते. ती म्हणाली, "नको मावशी. पहिल्याच दिवशी रंगलेले हात घेऊन गेले, तर तिथले पुरुष मला डॉक्टर नाही, करवली समजतील."

सगळ्या हसल्या. मग तिने हळूच विचारले, "तुम्ही इतकी वर्षं त्या लोकांत काढलीत. मान कसा मिळवलात?"

आम्ही तिघी निवृत्त परिचारिका शेजारीशेजारी बसलो होतो. तिघींनी एकमेकींकडे पाहिले आणि समोरच्या करंज्या खाण्यात वेळ काढला. उत्तर सोपे नव्हते. त्या रात्री देता आले नाही ते इथे लिहीत आहोत. लिहिणारी एक असली तरी बोलणे तिघींचे आहे, म्हणून 'आम्ही' म्हणतो.

आम्ही मुंबईच्या. शाळा माझगावची, शिक्षण मराठीतून. १९७८-७९ च्या सुमारास एस. एस. सी.चा दाखला, चार साड्या आणि आईने दिलेले लोणचे घेऊन आम्ही या देशात आलो. मुलीने शिकणे, नोकरी करणे आमच्या घरांना नवे नव्हते. मुंबईच्या इस्पितळांतून आपल्या समाजाच्या कितीतरी परिचारिका होत्या. डॉ. जेरुशा झिराड यांचे नाव तर घराघरांत घेतले जाई. १९१३ साली स्त्री मंडळ उभारणाऱ्या, १९१९ मध्ये लंडनची एम. डी. मिळवणाऱ्या, १९२८ पासून १९४७ पर्यंत कामा हॉस्पिटल सांभाळणाऱ्या आणि १९६६ साली पद्मश्री झालेल्या या बाईंचे उदाहरण देऊन आमच्या आया आम्हांला अभ्यासाला बसवीत. पण कामा हॉस्पिटल १८८६ मध्ये उघडले तेच बायकांसाठी, आणि तिथे डॉक्टरही बायकाच. आम्हांला जिथे उभे राहायचे होते तिथे सर्जन पुरुष, भूल देणारे बहुतेक पुरुष आणि सैन्यातून शिकून आलेले काही परिचारकही पुरुष. तिथे कसे वागावे हे कोणी शिकवले नव्हते.

उलपानमध्ये हिब्रू शिकताना पहिला धक्का बसला तो व्याकरणाचा. या भाषेत 'अहो' नाही. पुरुषाला 'अता', बाईला 'अत', मग तो दारावरचा पहारेकरी असो की विभागाचा प्रमुख. आमच्या घरी डॉक्टरसाहेब आले की वडीलसुद्धा उठून उभे राहत. इथे पांढऱ्या केसांच्या प्राध्यापकांना 'अरे, तू' म्हणायचे! पहिले काही महिने आमची जीभ वळेना. पुढे सवय झाली, आणि वाटू लागले, वा, इथे सगळे समान. तो समज थोड्याच दिवसांत गेला. 'अता' आणि 'अत' दोघांना सारखेच असले, तरी ते कोणत्या सुरात म्हणतात ते सारखे नसते. आमच्याशी बोलताना त्याच्या पुढे बहुधा 'मोतेक' जोडलेले असे. मोतेक म्हणजे गोडुली. "मोतेक, कात्री दे." "मोतेक, हसतेस का नाही?" परिचारिकेला हिब्रूत 'अखोत' म्हणतात, म्हणजे बहीण. मुंबईतही आपण सिस्टरच म्हणत होतो. बहीण दोन्हीकडे होती. पण बहिणीचे ऐकावे, असे दोन्हीकडे फारसे कोणाला वाटत नव्हते.

१९८३ सालची गोष्ट. आम्ही थिएटरमध्ये नव्या होतो. आमच्यापैकी एकीच्या बहिणीचे लग्न डिमोनाला झाले आणि तिसऱ्या दिवशी ती कामावर आली. बांगड्या, अंगठी काढून ठेवली, नखे कापली, कोपरापर्यंत हात घासले. पण मेंदी काही खरवडून निघत नाही. ती कातडीतच रंगते. सर्जन ते तळवे पाहून ओरडले, "ही कसली घाण? बाहेर हो." तिने समजावायचा प्रयत्न केला. पण घाबरल्यावर हिब्रू पळून जाते आणि तोंडात मराठी येते. ती बाहेर आली आणि नळाशी उभी राहून ब्रशने तळवे घासू लागली. रक्त यायचे बाकी होते.

तिथे फरशी पुसणारी एक मोरोक्कोची बाई होती. तिने ब्रश काढून घेतला, तळवा उलटा-सुलटा पाहिला आणि म्हणाली, "हिना? मझाल तोव!" त्यांच्याकडे, आणि येमेनच्या लोकांकडेही, लग्नाआधी हीच रीत. ती तशीच दारापर्यंत गेली आणि त्या सर्जनना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुझ्या आजीच्या हातालाही हीच होती, विसरलास काय?" ते गृहस्थ मोरोक्कोचेच. आत हशा पिकला. तिला परत बोलावले गेले. पण त्यानंतर कितीतरी वर्षे आम्ही कोणाच्याही मेंदीला फक्त करंगळीचे टोक पुढे करीत असू. कुंकू, गजरा, रंगीत साडी, मोठ्याने हसणे, एकेक गोष्ट आम्ही घरीच ठेवून कामावर जाऊ लागलो. नियमांसाठी बांगड्या काढाव्याच लागतात, आणि तो नियम पुरुषांच्या घड्याळालाही आहे. बाकीचे आम्ही नियमाने नाही, भीतीने काढले.

मान मिळाला तो १९८७ साली, आणि तो मोजणीमुळे. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पोट उघडण्याआधी दोन परिचारिका मिळून प्रत्येक गॉज, प्रत्येक सुई, प्रत्येक चिमटा मोठ्याने मोजतात आणि लिहून ठेवतात. पोट बंद करण्याआधी पुन्हा मोजतात, कातडी शिवताना पुन्हा. रक्ताने भिजलेला गॉज आतड्यांच्या घडीत बसला, तर डोळ्यांना दिसत नाही. म्हणून त्यात एक्स-रेत उठून दिसणारा धागा विणलेला असतो. आत राहिला, तर पू होतो आणि माणूस दगावूही शकतो. मोजणी हे परिचारिकेचे काम, आणि तिचा आकडा जुळेपर्यंत शिवायचे नाही, असा नियम. नियम लिहिणे सोपे. चार तास उभा राहून थकलेला सर्जन सुई मागत असतो, भूल देणारा घड्याळाकडे पाहत असतो, आणि सगळ्यांत लहान पगाराच्या बाईने म्हणायचे असते, "नाही."

त्या दिवशी एक मोठा गॉज कमी भरत होता. सर्जन म्हणाले, "तुझे मोजायचे चुकले, मोतेक." आमच्यापैकी जी टेबलाशी होती तिने पुन्हा मोजले. तरी एक कमी. ते म्हणाले, "मी पाहिलंय, आत काही नाही. सुई." तिने सुईचा ताट आपल्याकडे ओढून धरला आणि म्हणाली, "गॉज दे, सुई घे." सगळे थिएटर स्तब्ध. त्यांनी चिडून पुन्हा हात घातला आणि यकृताच्या मागून तो गॉज निघाला.

काम संपल्यावर त्यांनी मास्क खाली केला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "अत गेव्हेर." तू पुरुष आहेस! हिब्रूत याहून मोठी शाबासकी नाही. त्या रात्री आम्ही तिघींनी मिळून मसाल्याचा चहा केला आणि तो शब्द पुन्हा पुन्हा उच्चारून पाहिला. मोतेक गेली, गेव्हेर आला.

गोल्डा मेयर यांच्याविषयीही असेच सांगतात. बेन-गुरिअन म्हणत की मंत्रिमंडळात पुरुष काय तो हा एकच. गोल्डाबाईंनी आपल्या आत्मचरित्रात यावर मिश्किलपणे लिहिले आहे की, एखाद्या मंत्र्याला 'तू मंत्रिमंडळातली एकमेव बाई' म्हटले असते, तर त्याला काही ते आवडले नसते. आम्ही ते पुस्तक फार उशिरा वाचले. १९८७ साली वाचले असते, तर पुढली गोष्ट कदाचित घडली नसती.

कारण आम्ही खरोखरच गेव्हेर झालो. आवाज चढवला. चूक झाली की चारचौघांत बोलायचे, रडणे दिसले की हसायचे, पुरुष जसे आमच्याशी वागले तसे सगळे. नव्या मुली आम्हांला घाबरू लागल्या, आणि त्या भीतीलाच आम्ही मान समजलो.

१९९३ साली आमच्याकडे एक इथिओपियाची मुलगी आली. १९८४ च्या मोशे मोहिमेत ती लहानपणी सुदानमार्गे या देशात आली होती. वाटेत तिची धाकटी भावंडे गेली होती. बोलणे हळू, डोळे खाली, आमच्या आज्यांनी शिकवले असते अगदी तसे. एकदा टेबलावर एक लहान मूल गेले आणि ती भिंतीकडे तोंड करून रडली. आमच्यापैकी एक तिला म्हणाली, "रडायचं असेल तर घरी जा. इथे मोजायला माणूस हवंय." बाकीच्या दोघी तिथेच होतो. कोणी काही बोललो नाही. म्हणून हे वाक्य तिघींचेच धरावे.

दोन आठवड्यांनी तिची बाहेरच्या मोजणीची पाळी होती आणि टेबलाशी आमच्यापैकी एक. शेवटच्या मोजणीत तिला एक गॉज कमी वाटला. तिने पुन्हा मोजायला घेतले, तेव्हा आम्ही मास्कमधून ओरडलो, "अजून किती वेळ? आकडे येतात ना?" तिने मान हलवली आणि "बरोबर" म्हणाली. पोट शिवले गेले. वीस मिनिटांनी ती कपडे बदलायच्या खोलीत आली. ओठ पांढरे. म्हणाली, "एक कमी होता. मला सांगायचं धैर्य झालं नाही." एक्स-रे काढला. धागा स्पष्ट दिसला. त्या माणसाचे पोट दुसऱ्यांदा उघडावे लागले. देवाच्या कृपेने तो बरा होऊन घरी गेला.

अहवालात त्या मुलीचे नाव लिहिले गेले. आमचे नाही. "तिने सांगितलं नाही, कारण तिला आमची भीती वाटत होती," हे एक वाक्य आम्ही त्या कागदावर लिहू शकलो असतो. लिहिले नाही. महिन्याभराने तिने बदली मागून घेतली.

ज्या सर्जनपुढे सुईचा ताट ओढून धरला, त्याच्या जागी आता आम्ही उभ्या होतो, आणि आमच्यापुढे ताट ओढणारे कोणी नव्हते, कारण तसे कोणी उरू नये याची व्यवस्था आम्हीच केली होती. हे समजायला वर्षे लागली. २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी एकोणीस कलमांची यादी काढली. त्यातले एक कलम असे की, चीर देण्यापूर्वी खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम मोठ्याने सांगावे. पहिल्यांदा आमच्या सर्जननी नाक मुरडले. आम्हांला मात्र ती यादी वाचताना घशाशी आले. ज्याने एकदा आपले नाव त्या खोलीत उच्चारले, त्याला पुढे 'थांबा' म्हणणे सोपे जाते, इतकाच त्यामागचा विचार. १९९३ साली त्या मुलीचे नाव त्या खोलीत आम्ही कधी घेतले होते? "ए, नवी" एवढेच म्हणत होतो.

तेव्हा भाचीला उत्तर असे. बाईपण सोडून मान मिळतो, हे खोटे. मिळतो तो धाक, आणि तो दिसायला मानासारखाच असतो. १९८७ साली सुईचा ताट धरला तो हात पुरुषाचा नव्हता. आमच्या आया बाजारात कोथिंबिरीच्या जुडीसाठी जो हात धरीत, तोच तो. मोजून घेणे, जुळल्याशिवाय न सोडणे, झोपलेल्या माणसासाठी जागे राहणे, हे आम्ही घरूनच घेऊन गेलो होतो. त्याला गेव्हेर म्हणायची गरज नव्हती. आणि तुझा मान किती हे सर्जनच्या शब्दावरून ओळखू नकोस. तुझ्या खोलीतली सर्वांत नवी मुलगी तुला "थांब" म्हणू शकते का, ते पाहा.

किपूरचा उपास माणूस आणि देव यांच्यामधली पापे धुतो. माणसामाणसांतली धुवायची, तर त्या माणसाकडे जावे लागते, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले आहे. तीसहून अधिक किपूर गेले. ती आता किर्यात-गातला एका दवाखान्यात मुख्य परिचारिका आहे, असे कळले. बसने फार लांब नाही. येत्या रोश-हशानाच्या आधी आम्ही तिघी जाणार आहोत. तिला मराठी येत नाही, म्हणून हा लेख तिला दाखवून भागणार नाही. आमच्या मोडक्या हिब्रूतच सांगावे लागेल, आणि तिथे 'अहो' नसले, तरी सुरात ते आणायचा प्रयत्न करू.

त्या रात्री भाचीने शेवटी हात पुढे केला. तळव्यावर फक्त एक रुपयाएवढा ठिपका काढून घेतला. पहिल्या दिवशी कोणी विचारले का, असे आम्ही फोन करून विचारले. म्हणाली, "विचारलं ना. मी सांगितलं, आमच्याकडची हिना."

ज्या भगिनींनी अशा ठिकाणी नोकऱ्या केल्या, त्यांनी आपले अनुभव जरूर लिहून पाठवावेत. चांगले तर पाठवाच, पण चुकलेलेही पाठवा. पुढच्या मुलींना त्यांचा उपयोग अधिक होईल.