एसजीपीटी वाढलंय, पण कावीळ नाही

लहान मुलाच्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये एसजीपीटी आणि एसजीओटी वाढलेले दिसले, की आपल्याकडे तोंडातून पहिला शब्द निघतो तो कावीळ. मग उसाचा रस सुरू होतो, तेल-तिखट बंद होतं, कुणीतरी माळ घालणाऱ्याचा पत्ता देतो. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं तर आकडे तसेच. डोळे पांढरे, बिलिरुबिन नॉर्मल, भूकही चांगली. असं मूल समोर आलं, विशेषतः मुलगा असला, की मी आईवडिलांना विचारतो, "हा जमिनीवरून उठतो कसा?"

या प्रश्नाचा लिव्हरशी काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. एसजीपीटी आणि एसजीओटी फक्त लिव्हरमध्येच असतात असं नाही, ते स्नायूंमध्येही असतात. स्नायूंच्या पेशी सतत फुटत असतील तर तेही रक्तात उतरतात. अशा वेळी सीपीके नावाची साधी रक्ततपासणी करावी. ती अमरावती-अकोल्यात कुठल्याही बऱ्या लॅबमध्ये होते. एरवी दोनशेच्या आतबाहेर असणारा हा आकडा स्नायूंच्या एका आजारात दहा हजारांच्याही वर जातो. त्या आजाराचं नाव ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी. साधारण साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला तो होतो.

काही वर्षांपूर्वी अकोल्याकडून एक बाई सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. दुसरीकडे त्याच्यावर काविळीचे उपचार झाले होते. "डॉक्टरसाहेब, पोट्टं चालता चालता पडते जी. जिना म्हटला की रडते. अन् पिंढऱ्या पाहा त्याच्या, पहिलवानासारख्या हायेत!" सोबतच्या आजींनी लगेच जोडलं, "आमच्या घरात कोणालेच असं नाही. हे हिच्या माहेरचं हाये." मी मुलाला खाली बसवून उठायला सांगितलं. त्याने आधी हात जमिनीला टेकले, मग गुडघ्यांवर, मग मांड्यांवर, आणि स्वतःच्याच अंगावर चढत असल्यासारखा तो उभा राहिला. पोटऱ्या भरलेल्या होत्या, पण ती ताकद नव्हती. झिजणाऱ्या स्नायूच्या जागी चरबी आणि चिवट तंतू भरले होते. सीपीके पाच आकडी आला.

हा आजार समजायला स्नायूच्या पेशीत डोकवावं लागतं. प्रत्येक पेशीला आतून बारीक धाग्यांचा सांगाडा असतो. स्नायू आकसला की हा सांगाडा ओढला जातो आणि पेशीच्या बाहेरच्या आवरणावर ताण येतो. डिस्ट्रोफिन नावाचं लांबलचक प्रथिन आतल्या धाग्यांना आवरणाशी बांधून ठेवतं. टिनाच्या शेडचे पत्रे हुकांनी खालच्या पाइपांना बांधलेले असतात, तसंच हे. हूक नसले तर प्रत्येक वाऱ्यात पत्रा फडफडून फाटतो. डिस्ट्रोफिन नसलं तर प्रत्येक हालचालीत पेशीचं आवरण थोडं थोडं फाटत जातं.

हे प्रथिन सापडल्याची कथा उलट्या क्रमाची आहे. फ्रान्समधल्या ड्युशेन यांनी 1860च्या दशकात आजाराचं सविस्तर वर्णन केलं, पण कारण सापडायला सव्वाशे वर्षं लागली. बोस्टनमध्ये लुई कुंकेल यांच्या गटाने आधी जीन शोधला. त्यापासून कोणतं प्रथिन बनतं ते कुणी पाहिलेलं नव्हतं. मग जीनच्या तुकड्यांवरून त्या प्रथिनाचे भाग प्रयोगशाळेत बनवले, त्यांच्याविरुद्ध प्राण्यांमध्ये अँटिबॉडी तयार केल्या आणि त्या अँटिबॉडींनी स्नायूत प्रथिन शोधलं. 1987 मध्ये एरिक हॉफमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की निरोगी स्नायूत ते आहे आणि ड्युशेनच्या दोन मुलांच्या स्नायूत नाही. त्यालाच डिस्ट्रोफिन नाव मिळालं.

अँटिबॉडी म्हटलं की आपल्याला लस किंवा डेंग्यूची टेस्ट आठवते. इथे तिचं काम वेगळं आहे. ती रुग्णाला टोचत नाहीत. स्नायूच्या तुकड्याच्या अगदी पातळ चकतीवर ती टाकतात. ती फक्त डिस्ट्रोफिनलाच चिकटते. तिच्यासोबत रंग किंवा चमक जोडलेली असते. निरोगी स्नायूत प्रत्येक तंतूभोवती रंगाची सलग कड दिसते. बेकर या सौम्य प्रकारात कड फिकी किंवा तुटक असते. ड्युशेनमध्ये ती जवळजवळ नसतेच.

इथे एक शंका यायलाच हवी. कड दिसली नाही ती प्रथिन नाही म्हणून, की तुकडाच खराब झाला म्हणून? त्यासाठी शेजारच्या चकतीवर स्पेक्ट्रिन या आवरणाच्या दुसऱ्या प्रथिनाची अँटिबॉडी टाकतात. स्पेक्ट्रिन नीट दिसलं आणि डिस्ट्रोफिन दिसलं नाही, तरच "नाही" या उत्तराला अर्थ आहे. शिवाय डिस्ट्रोफिन लांब असल्यामुळे त्याच्या दोन्ही टोकांसाठी आणि मधल्या भागासाठी अशा तीन वेगळ्या अँटिबॉडी वापरतात. रिपोर्ट हातात आला की स्पेक्ट्रिनचा उल्लेख आहे का, ते डॉक्टरांना जरूर विचारा.

दुसरी गोष्ट जास्त व्यवहाराची. या तपासणीसाठी स्नायूचा तुकडा ताजा असताना अतिथंड तापमानाला गोठवावा लागतो. नेहमीच्या बायोप्सीसारखा फॉर्मेलिनच्या बाटलीत टाकला तर यातल्या बऱ्याच अँटिबॉडी नीट काम करत नाहीत. म्हणून घाईने जवळच्या दवाखान्यात तुकडा काढून घेऊ नका. ज्या केंद्रात गोठवण्याची सोय आहे तिथेच काढा, मग नागपूर-मुंबईचा प्रवास करावा लागला तरी चालेल.

आता पहिली पायरी रक्ताची जीन तपासणी आहे. जीनचा मोठा भाग गाळलेला किंवा दुप्पट झालेला असेल तर तिच्यात कळतं, आणि बहुतेक मुलांना बायोप्सी लागतच नाही. आमच्या या मुलाची ती तपासणी नॉर्मल आली. घरात आनंद झाला, "नाही ना काही?" पण मूल तर पडतच होतं. मग मुंबईत बायोप्सी झाली. स्पेक्ट्रिनची कड स्वच्छ होती, डिस्ट्रोफिनची तिन्ही अँटिबॉडींनी दिसली नाही. म्हणजे दोष त्याच जीनमध्ये होता, फक्त बारीक होता. संपूर्ण जीन वाचल्यावर तो सापडला.

दोष नेमका कळल्यावर आईचं रक्त तपासता आलं. ती वाहक निघाली. तिची धाकटी बहीण तेव्हा गरोदर होती आणि तीन रात्री झोपली नव्हती. तिचीही तपासणी केली. ती वाहक नव्हती.

आजींना मी जे सांगितलं ते सगळ्यांसाठी आहे. सुमारे एक तृतीयांश मुलांमध्ये हा दोष नव्यानेच तयार होतो, आई वाहक नसते. आणि वाहक असली तरी तिने ते मागून घेतलेलं नाही. डोळ्यांचा रंग जसा येतो तसंच हेही येतं. वाहक आईने मात्र आपल्या हृदयाची तपासणी अधूनमधून करून घ्यावी. पुढच्या गरोदरपणात सुरुवातीच्या महिन्यांतच जनुकतज्ज्ञांना भेटावं. गर्भलिंगनिदानाच्या कायद्यात अशा आनुवंशिक आजारांसाठी नोंदणीकृत केंद्रात तपासणीची सोय ठेवलेली आहे.

आजार मुळापासून बरा होत नाही, पण करण्यासारखं बरंच आहे. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली स्टेरॉइडने चालणं काही वर्षं टिकतं. रोज स्नायू ताणण्याचे व्यायाम करावेत, पण दमवणारा व्यायाम नको. हृदय आणि फुप्फुसांची नियमित तपासणी हवी. कुठल्याही ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना आजाराचं नाव सांगावंच, कारण भुलेची काही औषधं या मुलांना धोक्याची असतात. 2016च्या दिव्यांग कायद्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्र काढून घ्या. 2021च्या दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणातही हा आजार आहे, आणि मुंबईचं केईएम रुग्णालय त्यातलं एक केंद्र आहे.

मूल उशिरा चालायला लागलं, वारंवार पडतं, जिना चढताना कठड्याला लटकतं, तर "मोठं झालं की होईल नीट" म्हणून थांबू नका. एसजीपीटी वाढलेलं आणि बिलिरुबिन नॉर्मल असेल तर काविळीचं पथ्य सुरू करण्याआधी डॉक्टरांना एवढंच विचारा, "सीपीके करून पाहायचा का?"