दीड इंच

यंदाचा जून महिना आमच्या घरात इंचांतच गेला. आईचा गुडघा किती इंच उचलला जातो, ट्रकची पायरी जमिनीपासून किती इंच, चाकाच्या मध्यापासून मडगार्ड किती इंच. सुरुवात अर्थातच मी केली होती.

आमच्याकडे २०१२ सालची टोयोटा टकोमा आहे. पिकअप ट्रक. (घेतली तेव्हा सांगलीच्या मावशीने काळजीने विचारलं होतं, "नोकरी आहे ना रे अजून?" तिच्या डोळ्यांपुढे मार्केट यार्डातला भाजीचा टेम्पो होता.) इथे कोलोरॅडोत शनिवार-रविवारी डोंगरात जायचं तर असं काहीतरी दारात असलेलं बरं.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये आम्ही मेडॅनो पासच्या रस्त्याला गेलो होतो. ग्रेट सँड ड्यून्स नॅशनल पार्कमधल्या वाळूच्या टेकड्यांच्या कडेकडेने निघून दहा हजार फुटांवरच्या खिंडीत जाणारा कच्चा रस्ता. आधी खोल वाळू, मग मेडॅनो नावाचा ओढा, आणि हा ओढा रस्ता नऊ वेळा ओलांडतो. आम्ही घरचे चौघे, मागे तंबू, पाण्याचे कॅन, आइसबॉक्स. त्यातल्या एका ठिकाणी ओढ्यातून वर चढताना गाडीचं मागचं टोक दगडावर असं काही घासलं की लेक कान झाकून ओरडला. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच: गाडी उचलायची. लिफ्ट!

यंदा आई-बाबा येणार होते. आईला तो ओढा बघायचा होता. २०१७ साली आली तेव्हा ती वाळूच्या टेकडीवर निम्म्यापर्यंत चढली होती. त्यानंतर एका गुडघ्याची वाटी बदलून झाली, दुसऱ्याची रांगेत आहे. यावेळी विमानात बसण्याआधीच तिने फोनवर सांगून टाकलं, "ही शेवटची खेप हं. एवढा वेळ पाय दुमडून बसणं आता नाही जमत." त्यामुळे ट्रक त्या ओढ्यातून नीट जायलाच हवा होता. बजेट आठशे डॉलर. लेकाच्या दातांना तारा लावायचं काम चालू असल्याने यापुढे एक डॉलरही मिळणार नाही, असं अर्थमंत्र्यांनी बजावलं होतं.

ज्या नातेवाईकांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टकोमाच्या पुढच्या चाकांना स्प्रिंग आणि शॉकअप एकात एक असतात, आणि मागे आपल्या एसटीसारखे पाटे. सगळ्यात स्वस्त लिफ्ट म्हणजे पुढच्या स्प्रिंगच्या डोक्यावर जाड चकती आणि मागे पाटे नि ॲक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा. पुढे तरफेचा हिशेब लागतो, म्हणून एक इंचाच्या चकतीने गाडी जवळजवळ दोन इंच उचलली जाते. सगळं मिळून दीडशे-दोनशे डॉलरांत भागतं. गोम अशी की स्प्रिंग तीच, शॉकअप तेच, फक्त चाकं खाली ढकलली. चाक खड्ड्यात पूर्ण लोंबकळलं की बॉल जॉइंट आणि सीव्ही ॲक्सल आधीपेक्षा जास्त तिरके होतात आणि लवकर झिजतात.

दुसऱ्या टोकाला सहा इंची किट. ऑफिसमधल्या एकाने ते बसवून घेतलंय. तो ट्रकमध्ये बसत नाही, चढाई करतो. मधल्या पायरीवर नवे शॉकअप आणि नव्या स्प्रिंगांचे पूर्ण संच, ते हजार-बाराशेच्या पुढे. मी रात्र रात्र जागून, जाहिराती वाचून, शेवटी तीन इंची चकत्या-ठोकळ्यांवर येऊन ठेपलो होतो. ऑर्डर द्यायची तेवढी बाकी होती.

आणि बाबा आले.

बाबांनी एसटीच्या वर्कशॉपमध्ये ३२ वर्षं काढली. येऊन दोन दिवस झोपले, तिसऱ्या दिवशी चहाचा कप घेऊन ट्रकभोवती एक फेरी मारली. मी उत्साहाने तीन इंचांची योजना सांगितली. त्यांनी ऐकून घेतली, वाकून मागच्या पाट्यांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "रिकामी आहे ना आत्ता? मग मागून वर का नाही?"

माझ्या हे कधी लक्षातच आलं नव्हतं. रिकामा पिकअप मागून थोडा वर असतो, कारण तो माल भरल्यावर सपाट व्हावा अशी रचना असते. आमचा रिकामाच सपाट होता, आणि तो तसा रुबाबदार दिसतो असं मला इतकी वर्षं वाटत होतं! मग बाबांनी चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत मापं घ्यायला लावली. चाकाच्या मध्यापासून घ्यायची, जमिनीपासून नाही, म्हणजे टायरमधली हवा मध्ये येत नाही. मग मागे पाण्याचे कॅन भरून ठेवले, आम्ही सगळे आत बसलो आणि बाबांनी पुन्हा मापलं. मागची बाजू साडेतीन इंच खाली गेली होती.

"ही गाडी बुटकी नाही रे," बाबा म्हणाले, "थकलीय. पाटे बसलेत."

मग त्यांनी मला खाली वाकायला लावून मागच्या ॲक्सलच्या मधला डिफरन्शियलचा गोळा दाखवला. "हा बघ. तू चेसिस कितीही वर घे, हा आहे तिथंच राहणार. दगड लागला तर पहिला ह्याला लागणार. ह्याला वर घ्यायचा तर टायर मोठा लागतो." आणि टायर मोठा केला तरी मिळतं किती? आमचे टायर २६५/७०आर१६, म्हणजे व्यास साधारण ३०.६ इंच. त्याऐवजी २६५/७५आर१६ घातले तर ३१.६. व्यास एक इंच वाढला, पण गोळा वर जातो त्याच्या निम्मा, अर्धा इंच. (स्पीडोमीटर तीन टक्क्यांनी खोटं बोलायला लागतं ते वेगळंच. काटा साठ दाखवतो तेव्हा आपण बासष्टने चाललेलो असतो.)

मी हिरमुसलो. खरं सांगायचं तर तीन इंचांतला निम्मा भाग ओढ्यासाठी होता, निम्मा ऑफिसच्या पार्किंगसाठी.

उरलेली हवा आईने काढली. चर्चा ऐकत ती दारात उभी होती. म्हणाली, "तुम्ही उचलाल गाडी, मला कोण उचलणार?"

हा प्रश्न इतक्या रात्री जागून मी एकदाही स्वतःला विचारला नव्हता. ट्रकची बाजूची पायरी तेव्हा जमिनीपासून साडेतेरा इंचांवर होती. तीन इंच वर घेतली असती तर साडेसोळा. बाबांनी गॅरेजमधून लेकाचं जुनं लाकडी स्टूल काढलं, नऊ इंच उंचीचं, आणि त्याखाली दोन-बाय-चारच्या फळ्यांचे तुकडे रचायला सुरुवात केली. (दोन-बाय-चार म्हणतात, पण जाडी भरते दीडच इंच. ही फसवणूक बाबांना फार आवडली.) तीन फळ्या, साडेतेरा इंच: आई दाराची कडी धरून आरामात चढली. चार फळ्या, पंधरा इंच: "जमतंय." पाच फळ्या, साडेसोळा: पाय वर टेकला, पण अंग वर येईना. तिने दोनदा प्रयत्न केला. मग पाय खाली घेऊन हसत म्हणाली, "बास. हा चौथा मजला माझा नाही." ती हसत होती म्हणून आम्हीही हसलो. बाबा मात्र नाही हसले. त्यांनी वहीत लिहिलं: १५.

म्हणजे आमच्या हातात होता दीड इंच. त्यातला अर्धा टायरचा. उरला एक.

एका इंचासाठी काय घ्यायचं हे मग अर्ध्या तासात ठरलं. मागे प्रत्येक बाजूच्या पाट्यांत एकेक जास्तीचा पाटा घालायचा. ठोकळ्याने फक्त उंची मिळते, पाट्याने ताकदही मिळते, आणि आमची मागची बाजू तर ताकदीअभावीच घासत होती. चारही चाकांना बिलस्टीनचे ५१०० शॉकअप. त्यांतल्या पुढच्यांना वेगवेगळ्या उंचीच्या खाचा असतात, पाहिजे त्या खाचेत स्प्रिंगची बैठक ठेवायची. आम्ही सगळ्यात खालची सोडून तिच्या वरची घेतली. पुढची स्प्रिंग दाबून शॉकअपवर चढवणं हे मात्र बाबांनी मला घरी करू दिलं नाही. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जबडा घेऊन जाते म्हणाले, आणि ते कुणाबद्दल बोलताहेत हे मी विचारलं नाही. ते गॅरेजमध्ये करून घेतलं. मजुरी आणि चाकांचं अलाइनमेंट धरून आकडा आठशे चाळीसवर गेला. टायर तसेही बदलायला आलेच होते, म्हणून त्यांचा खर्च वेगळ्या खात्यावर टाकला. (अर्थमंत्री हे वाचतात. पुढे जाऊ.)

पाटे आम्ही घरीच घातले. बाबा प्लास्टिकच्या स्टुलावर, मी गाडीखाली. त्यांना खाली झोपू द्यायचं नाही असा आईचा हुकूम होता, त्यामुळे सगळं काम तोंडी. "पाट्यांना आधी शिकंजा लाव, मग मधला बोल्ट काढ. नाहीतर उघडतील फण्यासारखे." "जुने यू-बोल्ट परत नाही वापरायचे, ते एकदाच ताणायचे असतात." "एक नट एकदम नको आवळू. चारही थोडे थोडे, तिरपे तिरपे." मी टॉर्क रेंच लावला होता, तो टकटक वाजत होता, आणि बाबा त्या आवाजाकडे लक्ष न देता पान्याचा दांडा बघत होते. इतक्या वर्षांत मी त्यांच्या हाताखाली एकदाही काम केलं नव्हतं. लहानपणी वर्कशॉपला डबा द्यायला जायचो, तेवढंच. भारतात असतो तर हा उद्योग करताही आला नसता म्हणा. गाडीच्या मूळ रचनेत बदल करता येणार नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९चा निकाल आहे. बाबांना तो तोंडपाठ आहे आणि मान्यही आहे.

शेवटी त्यांनी पांढऱ्या रंगाची बाटली मागवली आणि मला प्रत्येक नटवर रेघ मारायला लावली. नटवरून निघून खालच्या प्लेटवर उतरलेली सरळ रेघ. नट सैल होऊन फिरला तर रेघ तुटलेली दिसते. पाचशे मैलांनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळायचे, तोवर रेघा बघत राहायच्या.

जुलैच्या दुसऱ्या शनिवारी गेलो. गेल्या वर्षी जिथे घासलं होतं तिथे मी दम धरून गाडी चढवली. काही आवाज नाही. बाबा मागच्या सीटवर कान देऊन बसले होते, त्यांनी फक्त "हं" केलं. पुढच्या ओढ्यापाशी आईने थांबायला सांगितलं. दार उघडून ती पायरीवरून स्वतः उतरली, काठावरच्या दगडावर बसून पाण्यात पाय सोडले. पाणी बर्फाचं होतं, तरी पंधरा मिनिटं काढेना. मग उठली, कडी धरली आणि चढली. आम्ही तिघेही हात पुढे करून उभे होतो, ते तसेच राहिले.

कोलोरॅडो स्प्रिंग्जहून जाऊन-येऊन पावणेचारशे मैल झाले. मंगळवारी त्यांचं विमान होतं.

काल सकाळी सांगलीहून बाबांचा फोन आला. प्रवास कसा झाला, आईचे पाय सुजले का, हे सगळं मीच विचारलं. त्यांनी विचारलं ते एवढंच, की पाचशे झाले का, आणि रेघा जागेवर आहेत का.

एकवीस मैल बाकी आहेत.