चालतंय ना, मग राहू द्या!

विहीर कधी खणावी, नव्या घरात कधी शिरावे, मुंज कधी उरकावी, या सगळ्याचे मुहूर्त आपल्याकडे छापील मिळतात. मिळत नाही तो फक्त सॉफ्टवेअर बदलण्याचा मुहूर्त. दाते पंचांग मी दोनदा उलटसुलट चाळले. वास्तुशांती सापडली, सॉफ्टवेअर नाही. आणि आपले पगार, पेन्शन, ठेवी हे सगळे तर हल्ली त्याच्याच पोटात!

याबाबत जगात दोन पंथ आहेत. पहिला 'नवे आले, घ्या' पंथ. याचे मूळपुरुष महंमद तुघलक. 1327 साली त्यांनी दिल्लीचा कारभार उचलून आमच्या शेजारच्या जिल्ह्यातल्या दौलताबादेस आणला. कल्पना भव्य होती, फक्त चाचणी घ्यायची राहिली. पुढे बिऱ्हाड परत दिल्लीला! अलीकडचा दाखला हवा तर मायक्रोसॉफ्टचे सिल्व्हरलाइट घ्या. 2007 साली ते वाजतगाजत आले, उत्साही मंडळींनी त्यावर इमले चढवले, आणि ऑक्टोबर 2021 मध्ये कंपनीनेच तळ हलवला.

दुसरा पंथ 'चालतंय ना, मग राहू द्या'वाल्यांचा. हा आम्हा नगरकरांचा कुलाचार. तो अगदीच खुळा आहे असे समजू नका. कोबोल ही संगणकाची भाषा 1959 सालची. माझ्याहून दोन दशकांनी मोठी, पण जगातल्या कित्येक बँकांत अजून रोज कामावर हजर असते आणि एकही सीएल टाकत नाही. आम्हा बी.कॉम. लोकांना याचे नवल नाही. घटत्या शिल्लक पद्धतीने वर्षाला चाळीस टक्के घसारा काढत बसा, वस्तूची किंमत शून्यावर कधीच येत नाही. जुने सॉफ्टवेअर नेमके असेच असते. पुस्तकी किंमत चार आणे, पण काढून टाका म्हटले की अख्खी संस्था रडते.

हे सगळे आठवायचे कारण आमच्या ओळखीतला एक तरुण. सावेडीला पाईपलाईन रोडवर त्याचे छोटे ऑफिस आहे. जिल्ह्यातल्या पंचवीस-तीस पतसंस्थांचे हिशेब त्याच्या सॉफ्टवेअरवर चालतात. ते त्याच्या वडिलांनी 1995च्या सुमारास फॉक्सप्रोत लिहिलेले.

"काका, नव्यावर कधी जाऊ? तुम्ही बँकेत आहात, तुम्हाला कळत असेल."

बँकेतल्या माणसाला सगळे कळते असे बँकेबाहेरच्या माणसाला वाटते, आणि त्याच आधारावर आमचा धंदा उभा आहे. मी गंभीर चेहरा करून पत्रिका मांडली.

पहिला ग्रह कंपनीची तारीख. फॉक्सप्रोची पुढची आवृत्ती काढणार नाही असे मायक्रोसॉफ्टने 2007 साली सांगितले आणि जानेवारी 2015 मध्ये उरलासुरला आधारही काढून घेतला. म्हणजे तेरावे कधीच झाले, पण मृत व्यक्ती अजून व्याज काढून देते आहे. हा ग्रह इशारा देतो, मुहूर्त देत नाही.

दुसरा ग्रह फाइलचे पोट. फॉक्सप्रोची एक फाइल दोन जीबीच्या वर खात नाही. आज सव्वा जीबी भरली असेल आणि वर्षाला सव्वाशे एमबी वाढत असेल, तर राहिली सहा वर्षे. हे गणित कारकुनालाही जमते.

तिसरा ग्रह माणूस, आणि खरा वक्री हाच. दामदुप्पट ठेव मुदतीआधी मोडली तर व्याज कुठल्या दराने, पिग्मी मध्येच बंद केली तर एजंटाच्या कमिशनचे काय, अशी शेकडो कलमे कागदावर नसतातच. ती प्रोग्रामच्या एखाद्या ओळीत दडलेली असतात, आणि ती ओळ का लिहिली हे फक्त लिहिणाऱ्याच्या डोक्यात असते. नव्यावर जाताना ती एक ओळ गळाली, की एखाद्या दूधवाल्याने मुलीच्या लग्नासाठी ठेवलेल्या पैशाचे व्याज चुकते. तो पासबुक घेऊन येतो तेव्हा काउंटरवर प्लॅटफॉर्म उभा नसतो, क्लार्क उभा असतो.

एप्रिल 2020 मध्ये करोनामुळे बेकारभत्त्याच्या अर्जांचा ढीग पडला, तेव्हा अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना कोबोल जाणणारे स्वयंसेवक जाहीरपणे मागावे लागले. यंत्रे जागच्या जागी होती. त्यांच्या मनातले ओळखणारी माणसे शोधावी लागत होती.

म्हणून माझा नियम साधा आहे. जुने जाणणारी माणसे मोजावीत. तीन असतील तर खुशाल झोपावे. दोन उरली की तयारीला लागावे. एकच उरला असेल तर मुहूर्त आजचा.

"आमच्याकडे एकच. बाबा," तो म्हणाला. "साठ पूर्ण झाली त्यांना."

"मग त्यांना रोज तासभर बसव. प्रत्येक ओळीला 'हे का?' विचार आणि वहीत लिही. त्यानंतर नवे आण, पण जुने लगेच विकू नको."

1984च्या रंगराजन समितीनंतर बँकांत यंत्रे आली, तेव्हा आमच्या वडीलधाऱ्यांनी कित्येक महिने लेजर आणि यंत्र दोन्ही चालवले. रोज टॅली जमू लागली तेव्हाच लेजर कपाटात गेले. शिवाय दोन्हीकडे चालेल असे वागणे नगरकरांच्या अंगातच आहे. 2024 साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, शिक्के-फलक बदलले. आम्ही आधीही 'नगर' म्हणायचो, आताही म्हणतो. काही अडले नाही.

परवा तो भेटला. वही निम्मी भरली आहे. बाबा चहा घेत सांगतात, हा लिहून घेतो. फक्त एका ओळीपाशी बाबा बराच वेळ थबकले आणि म्हणाले, "ही मी का टाकली होती कोण जाणे. पण काढू नकोस बरं का!"

मुलाने तेही वहीत लिहून घेतले आहे.