मुखाकडून मोजलेली नदी

प्रवासाहून परतणाऱ्या माणसाला उंबरठ्यावरच एक प्रश्न विचारला जातो : "काय काय पाहिलंस?" काशीहून येणारा गंगेचा गडू पुढे करतो आणि सुटतो. मी मात्र युरोपातल्या एका नदीवर सात दिवस जहाजातून हिंडून येत होतो, आणि माझ्या पिशवीत जर्दाळूच्या मुरंब्याच्या दोन बाटल्यांवाचून दाखवण्यासारखे काही नव्हते. मुंबईहून मोप्याला जाणाऱ्या विमानात डाव्या खिडकीशी बसून मी त्या उत्तराची जुळवाजुळव करीत होतो.

पाहिले तसे पुष्कळ. मुलगी म्युनिकला असते. मला सत्तरावे लागले म्हणून तिने हा डॅन्यूबचा प्रवास भेट दिला. जर्मनीतल्या पासौला जहाजात चढायचे आणि हंगेरीत बुडापेस्टला उतरायचे. वाटेत मेल्कचा मठ, द्राक्षमळ्यांमधून जाणारे वाखाऊचे खोरे, इंग्लंडच्या रिचर्ड राजाला ११९२ साली जिथे कोंडले तो ड्युर्नश्टाइनचा पडका किल्ला, मग व्हिएन्ना. 'निळी डॅन्यूब' हे नाव स्ट्राउसच्या १८६७ सालच्या वाल्ट्झमुळे जगभर झाले; मला ती शेवाळी दिसली. पण ही तक्रार नव्हे. आमच्या मालवणच्या खाडीलाही पावसाळ्यात कोणी निळी म्हणणार नाही.

मनात राहिल्या त्या दोनच गोष्टी. पहिली पासौची. तिथे इन आणि इल्झ या नद्या डॅन्यूबला मिळतात. नगरसभेच्या मनोऱ्याच्या भिंतीवर महापुरांच्या रेघा कोरल्या आहेत. सर्वांत वरची १५०१ सालची, आणि तिच्या अगदी जवळ २०१३ची. इतक्या शतकांचे पाणी एका भिंतीवर सालवार लिहून ठेवणारी माणसे पाहून मला आमचे देवबाग आठवले. एका अंगाने कर्ली नदी, दुसऱ्या अंगाने समुद्र, आणि मध्ये वाळूची अरुंद पट्टी; तीवर आमची घरे. दोन्हीकडून ती झिजते आहे. आम्ही रेघा कोरीत नाही. पाण्याकडे बोट करतो आणि म्हणतो, "थय आमचे माड होते."

दुसरी गोष्ट आकड्यांची. नदीकाठी ठिकठिकाणी किलोमीटरच्या पाट्या होत्या. पासौला आकडा २२००च्या पुढे होता आणि जहाज प्रवाहाबरोबर खाली जात असताना तो दिवसेंदिवस कमी होत होता. मी चौकशी केली, तेव्हा कळले की डॅन्यूबची लांबी मुखाकडून मोजतात. काळ्या समुद्रावर रुमानियात सुलीना नावाचे गाव आहे, तिथे शून्य. नद्या उगमाकडून मोजायच्या, असे मी तीस वर्षे शाळेत शिकवले होते. ही नदी समुद्राकडून मोजतात! पुढे वाचले, तर तिचा खरा उगम कोणता यावरून काळ्या अरण्यातल्या दोन गावांत जुना वादही आहे. मला गंमत वाटली. आम्ही मुखाकडची माणसे. कर्ली सह्याद्रीत कुठे उगम पावते हे देवबागेत फारसे कोणी विचारीत नाही. ती आमच्या दारात संपते, एवढे आम्हांस पुरते. कोणीतरी आमच्या बाजूने मोजायला सुरुवात केली आहे, असे त्या पाट्या पाहून वाटले.

पण त्या आकड्यांनी मला एकदम दुसरीकडेच नेऊन सोडले.

डॅन्यूबवर जागोजाग बांध आहेत आणि जहाज उतरवण्यासाठी लॉक. लॉक म्हणजे दोन दरवाजांचा पाण्याचा हौद. जहाज आत शिरले की मागचा दरवाजा बंद होतो, पाणी हळूहळू सोडतात, आणि भिंती उंच होत जातात. अशा एका लॉकमध्ये रात्री दहाच्या सुमारास मी कठड्याशी उभा होतो. खाली एक खलाशी हातात दोर घेऊन उभा होता. त्याने तो नुसत्या मनगटाने फेकला. फास नेमका लोखंडी खुंटावर पडला. त्याने मान वरही केली नाही. माझ्या काळजाचा ठोका चुकला. माझे बाबा अगदी असाच दोर टाकीत.

बाबा देवबाग आणि पलीकडचे कोरजाई यांमध्ये तर चालवीत. मक्ता दुसऱ्याचा, हात यांचे. मी रत्नागिरीस कॉलेजात होतो. १९७४च्या मे महिन्यात तिघे मित्र माझ्याबरोबर आले होते; त्यांना मी वडील 'बंदरात नोकरीला' असल्याचे सांगितले होते. कोरजाईहून येताना तरीत बाबाच होते. मी त्यांना ओळख दिली नाही. पलीकडे उतरलो आणि चौघांचे मिळून चाळीस पैसे त्यांच्या तळहातावर ठेवले. त्यांनी ते मोजले, कनवटीला लावले आणि पुढच्या उतारूकडे वळले. मित्रांना मी परस्पर मालवणला घेऊन गेलो. त्यानंतर बाबा सतरा वर्षे होते; या गोष्टीचा उच्चार ना त्यांनी केला, ना मी.

त्या रात्री लॉकमधून बाहेर पडल्यावर मला झोप आली नाही. जहाजावर कप्तानाने आम्हांस मेजवानी दिली होती आणि त्याच्याबरोबर फोटो काढून घ्यायला आम्ही रांग लावली होती. पाण्यावरून माणसे नेणे हाच त्याचाही धंदा.

बुडापेस्टला उतरलो तेव्हा आकडा १६५०च्या आसपास होता. समुद्र अजून तेवढा दूर. अर्ध्या वाटेवर नदी सोडून मी विमानात चढलो. आता खिडकीखाली कोकण होते. डोंगर आणि समुद्र यांत अंतर ते केवढे! एका दृष्टीत नदी उगमापासून मुखापर्यंत मावते. भाद्रपदातले लाल पाणी प्रत्येक मुखाशी समुद्रात पसरले होते. विमान मोप्याच्या कातळावर उतरले.

मी कुडाळ-मालवणचा रस्ता घेतला नाही. गाडी वेंगुर्ल्यावरून कोरजाईस आणली. पुतण्याची होडी आहे. हंगामात तो पर्यटकांना संगम आणि त्सुनामी बेट दाखवतो. तो न्यायला आला होता. पलीकडे पोहोचताच त्याने दोर टाकला. मी पाहात राहिलो.

दुसऱ्या दिवशी बाबांचा म्हाळ होता; त्यासाठीच मी तारीख साधून आलो होतो. कावळ्याला पान ठेवून आम्ही दोघे भाऊ मागल्या पडवीत बसलो. दादांनी विचारले, "काय काय बघलंस थय?"

मी मठ सांगितला, किल्ला सांगितला. मग लॉकमधला खलाशी सांगितला, आणि त्याच्यापाठोपाठ ते चाळीस पैसेही सांगून टाकले. पन्नास वर्षांत प्रथमच.

दादा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "माका ठाऊक आसा. बाबांनी त्याच रातीक सांगितल्यानी."

"काय सांगितल्यानी?"

"म्हणाले, झील दोस्तांका घेवन इल्लो. पैशे घेतलंय नसते, तर तेंका कळला असता मी कोण तां. म्हणान घेतलंय."

पान ठेवले होते तिथे कावळा केव्हाच येऊन गेला होता. मी मुरंब्याची एक बाटली फोडून दादांच्या पुढे ठेवली. त्यांनी बोटाने चाखून पाहिला आणि म्हणाले, "आमसुलाच्या जवळ येता."