होडीची डोलकाठी

“कोरड्या आडावर मोट बांधण्याचा हा उद्योग तुला कोणीं सांगितला?” असा प्रश्न आमच्या वडीलबंधूंनीं केला, तेव्हां पडवीभर लाकडाचा भुसा सांडलेला होता आणि आमचा पुतण्या प्लायवुडच्या फळ्या सांधून होडी बांधीत होता. दिलीप दोंदे या मराठी नौसेनाधिकाऱ्यानें २००९-१० सालीं, गोव्यांत बांधलेल्या ‘म्हादेई’ नौकेंतून एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली. असें करणारे ते पहिले भारतीय. तें वृत्त वाचल्यापासून चिरंजीवांच्या मनानें घेतलें होतें. बीडास समुद्र नाहीं. पण पालीनजीक बिंदुसरेचा तलाव आहे.

विरोध काय तो वहिनींचा. त्यांचे धाकटे बंधू गोदावरींत बुडून गेले, त्यास तीस वर्षें होऊन गेलीं. तरी पाण्याची गोष्ट त्यांच्यासमोर आमच्या घरीं कोणी काढीत नाहीं. त्यांत हा त्यांचा एकुलता एक मुलगा.

होडी सिद्ध झाली आणि डोलकाठीचा प्रश्न आला. तयार डोलकाठीची किंमत ऐकून आम्हीं काटकसरीचा सल्ला दिला. परसांत जुन्या नळाची लोखंडी नळी पडून होती. पांच मीटर लांब, सतराअठरा किलो वजनाची. फुकटांत काम झालें म्हणून आम्ही स्वतःवर खूष होतों. आश्विनांत तलावावर गेलों. वाऱ्याची एक झुळूक आली, होडी कलली आणि कलली ती थांबलीच नाहीं. माथ्यावरच्या त्या भारानें ती आडवी झाली, नळींत पाणी शिरलें आणि पाहतां पाहतां होडीचा तळ आकाशाकडे झाला. पुतण्या शिडाखालीं सांपडला. अंगांत तरंगजाकीट होतें, म्हणून चारसहा क्षणांत वर आला. पण ते क्षण आम्ही विसरणार नाहीं. घरीं येतांना, ही गोष्ट वहिनींस सांगावयाची नाहीं, असें काकापुतण्यांनीं ठरविलें.

पुढें कार्तिकी पौर्णिमा आली. त्या दिवशीं कपिलधारेस मन्मथस्वामींच्या समाधीची यात्रा भरते. बालाघाटाच्या कुशींतलें तें स्थान, डोंगरावरून पडणारी धार आणि गांवोगांवहून पायीं आलेले वीरशैव भक्त हें सारें पाहावयास आम्ही शेजाऱ्यांबरोबर सहकुटुंब गेलों होतों. गर्दींत एक वृद्ध यात्रेकरू दोन पुरुष उंचीच्या वेळूला ध्वज लावून उभा होता. वहिनी म्हणाल्या, “एवढी उंच काठी हा म्हातारा दिवसभर कसा पेलतो?”

“आई, वेळू पोकळ असतो ना,” पुतण्या म्हणाला.

“पोकळ म्हणून हलका, हें समजलें. पण वाऱ्यानें मोडत कसा नाहीं?”

“त्याचा सारा जीव कडेला असतो. वांकतांना ताण पडतो तो कडेवर. मधल्या गाभ्यावर फारच थोडा. आणि मधून मधून पेरें असतात, त्यामुळें तो चेपत नाहीं.”

वहिनी क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिल्या. मग शांतपणें म्हणाल्या, “मग त्या दिवशीं तुझे कपडे ओले कां होते?”

आम्हां दोघांच्या माना खालीं गेल्या. तेथेंच, धारेच्या आवाजांत, आम्हीं सर्व सांगितलें. वहिनी रागावल्या नाहींत. त्या एवढेंच म्हणाल्या, “भावोजी, फुकट मिळालें म्हणून घेतलेंत. आतां नीट विचार करून घ्या.”

तो विचार येथें देतों. कारण घरोघरीं असे चिरंजीव असतात. ॲल्युमिनियम लोखंडाच्या सुमारें एकतृतीयांश वजनाचें. त्याची नळी बाजारांत बहुधा वजनावर मिळते, म्हणून हलकी तीच स्वस्त. पण हलकी निवडावी कशी? पन्नास मिलिमीटर व्यासाची व तीन मिलिमीटर जाडीची नळी मीटरास सुमारें १.२ किलो भरते. त्रेसष्ट मिलिमीटर व्यासाची व दोनच मिलिमीटर जाडीची नळी सुमारें १.०३ किलो. तरीही दुसरीचा ताठपणा पहिलीच्या जवळजवळ दीडपट असतो. कारण ताठपणा जाडीच्या साध्या प्रमाणांत, तर व्यासाच्या घनाच्या प्रमाणांत वाढतो. वेळूचा न्याय तोच. महाग मिश्रधातूनें बळकटी वाढते, ताठपणा जवळजवळ तितकाच राहतो. मात्र अगदीं मऊ नळी घेऊं नये. ती एकदां वांकली कीं वांकडीच राहते. ६०६३ किंवा ६०६१ क्रमांकाची, उष्णसंस्कार केलेली, ‘टी-६’ खुणेची नळी मागावी.

पातळ नळीचा दोष म्हणजे ती चेपते. म्हणून जेथें ती होडीच्या पाटाला टेकते, तेथें आंत दोन फूट लांबीचा लाकडी दांडा घट्ट बसवावा. हें तिचें पेर. भोकें एका ओळींत पाडूं नयेत. पोलादी बोल्ट ॲल्युमिनियमला थेट लागला तर ओलाव्यानें धातु खाल्ला जातो; मध्यें नायलॉनची चकती घालावी. दोन्ही तोंडें बुचानें पक्कीं बंद करावीं. बंद नळी पंधरा लिटरांहून अधिक पाणी बाजूस सारते, स्वतः भरते सव्वापांच किलो. म्हणून ती तरंगते आणि होडी उलटी होऊं देत नाहीं. आणि कांठावर ती उभी करतांना डोक्यावर विजेच्या तारा नाहींत हें आधीं पाहावें. ॲल्युमिनियम विजेचा उत्तम वाहक आहे.

“आणि तरीही मोडली तर?” वहिनींनीं विचारलें. पुतण्यानें खोटें सांगितलें नाहीं. २१ सप्टेंबर २०१८ रोजीं दक्षिण हिंदी महासागरांतील वादळांत कमांडर अभिलाष टॉमी यांच्या ‘थुरिया’ नौकेची डोलकाठी मोडली. पाठीस जबर दुखापत झालेल्या त्यांस तीन दिवसांनीं वाचविण्यांत आलें. तो म्हणाला, “म्हणून जाकीट घालीन, एकटा जाणार नाहीं, आणि आधीं कांठाजवळ होडी मुद्दाम पाडून पाहीन.”

मार्गशीर्षांत तो दिवस आला. वहिनी स्वतः तलावावर आल्या, पदर घट्ट खोंचून कांठावर उभ्या राहिल्या. छातीइतक्या पाण्यांत पुतण्यानें होडी आडवी पाडली. डोलकाठी पाण्यावर सपाट तरंगत राहिली. होडी कुशीवरच थांबली. मधल्या फळीवर पाय देऊन त्यानें ती उभी केली.

आम्हीं वहिनींकडे पाहिलें. त्यांचे डोळे भरले होते.

“आतां,” त्या म्हणाल्या, “पुन्हां एकदां पाडून दाखीव.”